मदत हवी आहे : फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतर बाबांना चालवायचं कसं?
नमस्कार मंडळी, आम्ही देवगडजवळ राहतो. बाबांच्या (वय ६४) उजव्या फुफ्फुसाचा एक भाग काढला त्याला आता ५ आठवडे झाले, टाके सुकलेत, डॉक्टरांनी सांगितलंय रोज थोडं थोडं चालायचं, ते श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलवालं यंत्र ओढायचं (फुंकायचं नाही हां, श्वास आत घ्यायचा, आम्हाला हे चार दिवसांनी कळलं) आणि त्या बाजूचा हात हळूहळू वर न्यायचा नाहीतर खांदा आखडतो. खोकला आला की आई छातीशी धरायला उशी देते, त्याने बराच आराम पडतो.

अडचण चालण्याची आहे. रस्त्यापर्यंत जांभ्याच्या ४० पायऱ्या, त्यात हा पाऊस, सगळं शेवाळलंय. म्हणून पडवीतच माझा मुलगा आजोबांचा हात धरून फेऱ्या मोजतो, १० झाल्या की खुर्चीत बसवतो, बोलताना धाप लागली तर तिथेच थांबवतो. पण बाबा कंटाळलेत, त्यांना किनाऱ्यावर जायचंय. ओल्या वाळूवर चालणं आता झेपेल का? पायऱ्या कुणी किती दिवसांनी सुरू केल्या? सोमवारी डॉक्टरांना विचारणारच आहे, पण ज्यांच्या घरी असं ऑपरेशन झालंय त्यांनी प्लीज सांगा, बाबांचा धीर सुटत चाललाय, बघवत नाही.