मदत हवी आहे : ‘डॉन’च्या (dawn) तीन टप्प्यांना मराठी शब्द

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरातल्या आठवीच्या मुलांसाठी आकाशनिरीक्षणाचं टिपण मराठीत करतेय. अडलंय ‘डॉन’ या इंग्रजी शब्दावर. एरवी ‘पहाट’ भागतं. नव्या युगाची ‘डॉन’ म्हणजे उदय, आणि एखादी गोष्ट मनात ‘डॉन’ होते तेव्हा ‘उमगलं’ चपखल बसतं.

पण खगोलशास्त्रात डॉन तीन: सूर्य क्षितिजाखाली १८, १२ आणि ६ अंशांवर असतानाचे. आपल्याकडे दोन टप्प्यांत साधारण २५ मिनिटं जातात. रंकाळ्यावर उभं राहून पाहिलं, तर आधी बारीक तारे विरतात, मग पलीकडच्या झाडांची कड दिसते, शेवटी समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू येतो. इतकं सुंदर दृश्य, आणि शब्दकोशांत सगळं ‘पहाट, प्रभात, अरुणोदय’ असं एकाच ओळीत!

‘खगोलीय, नाविक, नागरी पहाट’ करून पाहिलं. मुलांच्या डोळ्यांपुढे काहीच येईना. संस्कृत जोडशब्द नकोत, बोलीतलेच हवेत. ‘झुंजूमुंजू’, ‘तांबडं फुटलं’, ‘फटफटलं’ हे ऐकलेत, पण क्रमाबद्दल घरातच दोन मतं आहेत.

पहाटे धारा काढायला किंवा तालमीत जायला उठणारी माणसं ज्यांच्या घरात आहेत, त्यांनी सांगा: या तिघांत आधी काय होतं, नंतर काय?