मेलव्हिलची 'टायपी': खरी किती, रचलेली किती?

प्रश्न: अमेरिकन लेखक हर्मन मेलव्हिलचं 'टायपी' हे पुस्तक वाचायचं आहे. प्रवासवर्णन म्हणून वाचावं की कादंबरी म्हणून? कोणती आवृत्ती घ्यावी? आणि त्यातली नीरफणसाची माहिती कितपत भरवशाची?

प्रतिसाद १: सांगाडा खरा आहे. ९ जुलै १८४२ रोजी पॅसिफिक महासागरातल्या मार्केसस बेटांपैकी नुकूहिवावर मेलव्हिल आणि त्याचा सोबती टोबी ग्रीन 'अकुश्नेट' या व्हेलशिकारी जहाजावरून पळाले. फ्रेंचांनी बेटांचा ताबा घेतला तो याच वर्षी, त्यामुळे बंदरात त्यांची जहाजं दिसतात तेही खरंच.

काळाच्या बाबतीत मात्र सावध राहा. पुस्तकातला मुक्काम चार महिन्यांचा आहे. प्रत्यक्षात ९ ऑगस्टला मेलव्हिल 'लूसी ॲन' या दुसऱ्या व्हेलशिकारी जहाजावर चढलाही होता. भाषा येत नसताना, दुखरा पाय घेऊन, महिन्याभरात चालीरीतींची एवढी माहिती मिळणं कठीण. ती भर या बेटांवर आधी येऊन गेलेल्या लांगस्डॉर्फ, स्टुअर्ट आणि पोर्टर यांच्या पुस्तकांतून आली. पोर्टरचं पुस्तक आपल्याला कधी मिळालंच नाही असं मेलव्हिल लिहितो. अभ्यासक चार्ल्स अँडरसनने १९३९ मध्ये मजकूर ताडून उसनवारी दाखवून दिली. पुस्तकातल्या फायावे या तरुणीबरोबर तो ज्या तळ्यात होडी फिरवतो, ते तळंही तो राहिला त्या तैपी लोकांच्या खोऱ्यात नाही.

प्रतिसाद २: आवृत्तीकडे नीट लक्ष द्या, इथेच फसगत होते. १८४६ मध्येच अमेरिकेत सुधारित आवृत्ती निघाली आणि तिच्यातून मिशनऱ्यांवरची टीका कापली गेली. पुस्तकाचा जीव त्या टीकेत आहे, म्हणून मूळ मजकुरावर बेतलेली प्रत घ्या. १९६८ची नॉर्थवेस्टर्न-न्यूबेरी उत्तम. शेवटी 'टोबीची गोष्ट' आहे ना तेही पाहा. हकिगत खरी नसावी अशी शंका घेतली जात असतानाच १८४६ मध्ये टोबी बफेलोत प्रकट झाला आणि त्याने दुजोरा दिला, तेव्हा ते प्रकरण जोडलं गेलं.

प्रतिसाद ३: पहिल्या प्रतिसादाला एक जोड. पोर्टर हा निव्वळ लेखक नव्हे. अमेरिकन आरमाराच्या या कप्तानाने १८१३ मध्ये तैपी लोकांच्या (पुस्तकाचं नाव यांच्यावरूनच) खोऱ्यावर चढाई करून त्यांची गावं जाळली. पाहुण्याला जाऊ न देणारे, 'नरभक्षक' म्हणून बदनाम झालेले ते हेच लोक. परक्या जहाजांविषयी त्यांना वाटणारा संशय हे लक्षात ठेवल्याशिवाय कळत नाही.

नीरफणसाची माहिती बऱ्याच अंशी विश्वासार्ह. पिकलेली फळं सोलून, गाभा काढून, पानांचं अस्तर लावलेल्या खड्ड्यात दाबून भरत. वरूनही पानं, त्यावर माती आणि दगड. आतला गर आंबतो आणि वर्षानुवर्षं टिकतो; यालाच 'मा' म्हणतात. दुष्काळात फळ धरलं नाही तर सगळी मदार त्यावरच. नुसता 'मा' फार आंबट लागतो, म्हणून ताजा भाजलेला नीरफणस लाकडी पाटावर दगडी बत्त्याने कुटून त्यात मिसळतात. तीच पोपोई.