जुन्या विनोदी मालिकांतील चुका आणि नेपथ्य: आपापले अनुभव लिहावेत

पडद्यामागची माणसे ज्याला ‘कंटिन्युइटी जर्क’ म्हणतात, म्हणजे एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना वस्तू किंवा जागा आधीशी न जुळणे, तसा एखादा जर्क जुन्या विनोदी मालिकेत आपण स्वतः पकडला असेल, तर तो कसा दिसला हे सविस्तर लिहावे. ऐकीव चुका नकोत.

फोंड्याहून:
गावच्या उत्सवी नाटकांचे नेपथ्य मी अनेक वर्षे उभारत आलो आहे, त्यामुळे माझी नजर आधी दारांवर जाते. ‘फ्रेंड्स’मध्ये मोनिकाच्या दारावर सुरुवातीच्या भागांत ५ हा आकडा होता आणि नंतर तो २० झाला, कारण खिडकीबाहेरचे दृश्य वरच्या मजल्याचे असताना पाचवे घर तिथे असणे पटण्यासारखे नव्हते. ‘साइनफेल्ड’मधल्या जेरीच्या घराचा नकाशा तर मी आलेखाच्या कागदावर काढून पाहिला; दाराबाहेरची वाट सरळ पुढे नेली, की ती थेट जेरीच्या स्वयंपाकघरात शिरते! हसण्याचा अधिकार मात्र मला नाही. आमच्या एका नाटकात पहिल्या अंकात स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या दारातूनच दुसऱ्या अंकात वरपक्ष आला. प्रेक्षकांत कोणी चकार शब्द काढला नाही, दुसऱ्या दिवशी आत्याने मात्र विचारले, “व्याही चुलीकडून कसे रे आले?”

म्हापशाहून:
‘मिस्टर बीन’च्या १९९० सालच्या पहिल्या भागात त्याची मिनी गाडी नारिंगी आहे, पुढे सर्वांना आठवते ती पोपटी, काळ्या बॉनेटची. हे माझ्या नातवाने दाखवले, मला इतकी वर्षे दिसले नव्हते.

मडगावहून:
‘फॉल्टी टॉवर्स’च्या सुरुवातीला दिसणाऱ्या हॉटेलच्या पाटीवरचे एक अक्षर वाकडे आहे, अशी नोंद मी मोठ्या अभिमानाने वहीत केली होती. पुढच्या भागात अक्षरांची वेगळीच गडबड पाहिल्यावर तो मुद्दाम केलेला विनोद आहे हे उमगले आणि ती नोंद खोडावी लागली. १९७५ आणि १९७९ मिळून भाग अवघे १२, पण पाटी वाचण्यासाठी मी ते पुन्हा पाहिले. कथेतले हॉटेल टॉर्की या समुद्रकाठच्या गावचे आहे, बाहेरून दाखवलेली इमारत मात्र समुद्रापासून दूर, बकिंगहॅमशायरमधली होती.

पणजीहून:
मी संकलनाचे काम करतो, म्हणून थोडी बाजू मांडतो. पेल्यातले सरबत कमी होऊन पुन्हा वाढते, कारण एकच प्रसंग अनेकदा चित्रित होतो आणि संकलक पेला जुळणारा नव्हे, तर हशा नेमका साधणारा टेक उचलतो. १९५१ साली सुरू झालेल्या ‘आय लव्ह लूसी’ने प्रेक्षकांसमोर एकाच वेळी तीन कॅमेरे चालवले, तेव्हा असे न जुळणारे सांधे पुष्कळ कमी झाले, शिवाय कृष्णधवल चित्रात छटा नेमक्या उतराव्यात म्हणून तिथले नेपथ्यच करड्या रंगांत रंगवलेले असे. आम्ही केलेल्या एका छोट्या प्रहसनात नायकाच्या मागचे घड्याळ एकाच संवादात सव्वाचारवरून अडीचवर गेले होते. संवाद इतका रंगला होता, की आम्ही तो तसाच ठेवला. आता चित्रीकरणाआधी मी घड्याळातला सेल काढून खिशात घालतो.