रानटी ल्युपिन वाळूत उगवत का नाही?

प्रश्न: अमेरिकेतल्या मिशिगनमधली वाळूची जमीन. रानटी ल्युपिनचं (ल्युपिनस पेरेनिस, शेंगावर्गातलं रानफूल) बी दोनदा पेरलं, रोप एकही नाही. काय चुकतंय?

उत्तर: बियांची साल कडक, पाणी आत शिरत नाही. सँडपेपरवर हलकं घासा, रात्रभर भिजवा. टम्म फुगलेलं तेवढंच अर्धा इंच खोल पेरा. ऱ्हायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र देणारे जिवाणू) बियांना ल्युपिनचंच लावा, सोयाबीनचं चालत नाही.

उत्तर: कुंडीत नकोच, सोटमूळ दुखावलं की रोप गेलं. खत, चुनाही नको. निकस, आम्लधर्मी वाळूच त्याला मानवते. पहिल्या वर्षी फुलाची वाट बघू नका.

उत्तर: बी कुठलं, तेही बघा. नर्सरीत बरेचदा अमेरिकेच्या पश्चिमेकडचं ल्युपिनस पॉलिफायलस (दुसरी जात) किंवा त्याचा संकर गळ्यात मारतात. पेरेनिसच्या पानाला साधारण ७ ते ११ पर्णिका. कार्नर ब्लू फुलपाखराच्या अळ्या (१९९२पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत) पेरेनिसच्याच पानांवर जगतात.