‘सुरक्षा क्रमांक बदलला आहे’ ही सूचना मराठीत कशी द्यावी?

शब्दवेल्हाळ
आमचा लहान स्वयंसेवी चमू एका मुक्तस्रोत संदेश-अ‍ॅपचे मराठीकरण करत आहे. समोरच्या व्यक्तीने फोन बदलला की ‘सुरक्षा क्रमांक बदलला आहे’ अशी ओळ उमटते. हा क्रमांक दोघांच्या किल्ल्यांवरून, म्हणजे संदेश गुप्त राखणाऱ्या सांकेतिक आकड्यांवरून, बनतो. चाचणीला बसलेल्या माझ्या मावशीला ती वाचून बँक खात्यात कोणी शिरले असे वाटले. सूचना लपवली तर मधल्यामध्ये कोणी खोटी किल्ली घुसवल्याचे कळणार नाही, आणि ठळक केली तर माणसे घाबरतात. मार्ग काय?

काठावरचा
१९९९ मध्ये अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर या संशोधकांनी ईमेल कूटबद्ध, म्हणजे परक्याला वाचता न येणारा, करणाऱ्या पीजीपी ५.० या प्रोग्रॅमची १२ जणांवर चाचणी घेतली, तेव्हा ९० मिनिटे मिळूनही बहुतेकांना संदेश नीट कूटबद्ध करून पाठवता आला नाही आणि तिघांनी तर गुप्त मजकूर चुकून उघडाच पाठवला. ईमेल वापरणे त्यांना जमत होते. अडत होते ते किल्लीपाशी. घरातल्या कुलपाला लावणारी आणि उघडणारी किल्ली एकच असते. इथे मात्र लावणारी सर्वांना देऊन टाकायची आणि उघडणारी जिवापाड जपायची, हे सहजी मनात बसत नाही. म्हणून ‘किल्ली’ हा शब्द पडद्यावर आणूच नये, असे माझे ठाम मत आहे.

निंबोणी
सिग्नल या संदेश-अ‍ॅपची रीत पाहावी. तिथे क्रमांक बदलल्याची नोंद संभाषणातच शांतपणे येते. पण तो क्रमांक आपण पूर्वी पडताळलेला असेल, तर पुढचा संदेश पाठवण्याआधी संमती विचारली जाते. ज्याने काळजी घेतली त्यालाच अडवायचे, हा विवेक मला मोलाचा वाटतो. वाक्य मात्र कारणापासून सुरू करा: ‘आशाताईंनी फोन बदलला असावा किंवा अ‍ॅप पुन्हा घेतले असावे. खात्री करायची असल्यास त्यांच्याशी बोलून क्रमांक ताडून पाहा.’

शब्दवेल्हाळ
आभारी आहे. हे वाक्य मावशीला वाचून दाखवले, तेव्हा तिने लगेच विचारले, “मग फोन करू का तिला?” हाच प्रश्न हवा होता.

काठावरचा
ताडून पाहण्याबाबत एक सांगतो. सिग्नलचा क्रमांक ६० अंकी असून पाच-पाचच्या गटांत दिसतो. आपली माणसे जोडीने अंक वाचतात, आणि फोनवर ‘एकोणसत्तर’ व ‘एकोणऐंशी’ यांत हमखास घोटाळा होतो. ‘एकेक अंक सुटा वाचा’ अशी ओळ तिथेच द्या. दोघे समोरासमोर असतील, तर क्यूआर कोड आधी दाखवा.