जुना उनर्टल की आजचा स्कोप? ठाणे-नवी मुंबईच्या नेमबाजांनी बोला

नौपाडा_२२:
परवा रेंजवर एका पोराने माझ्या पॉइंट टू टू रायफलवरचा स्कोप (नेम धरायची दुर्बीण) बघून विचारलं, काका हा शोकेसमध्ये का नाही ठेवत. त्याच्यावर राग नाही पण उत्तर द्यायचंच आहे म्हणून धागा काढतोय. स्कोप उनर्टलचा, मामा अमेरिकेत असताना त्यांनी घेतलेला. जॉन उनर्टलने १९३४ मध्ये पिट्सबर्गला कारखाना काढला, पुढे व्हिएतनाममध्ये अमेरिकन स्नायपर कार्लोस हॅथकॉकच्या विंचेस्टर मॉडेल ७० रायफलवर त्यांचाच ८ पॉवरचा (आठपट मोठं दाखवणारा) होता. पण मी नावासाठी बोलत नाहीये. या स्कोपच्या आत नेम सरकवणारं काहीच नाही, बाहेर माउंटवर, म्हणजे स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या कड्यांवर, मायक्रोमीटरसारखे दोन स्क्रू, ते फिरवले की अख्खी नळी हलते आणि नजर कायम लेन्सच्या मधूनच जाते. आजच्या स्कोपमध्ये आत एक छोटी नळी स्प्रिंगवर टेकलेली असते, टरेट (बाहेरची फिरवायची चकती) फिरवला की ती सरकते. स्प्रिंग थकली तर बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही, ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका, फाकला की आपण ट्रिगरला नाहीतर श्वासाला दोष देत बसतो. माझा एक सीझन असाच गेला, नव्या आणि महागड्या स्कोपवर. माउंट ढिला झाला तर निदान हाताला लागतो.

ऐरोली_शूटर:
काका, आदर ठेवून सांगतो, आपण खाडीच्या काठावर राहतो ते विसरताय. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते तिथे लेन्सचं काय. माझ्या आजोबांच्या दुर्बिणीत कोळ्याच्या जाळ्यासारखं फंगस पसरलं, साफ केलं तरी काचेवर डाग राहिलेच. आजचा बरा स्कोप नायट्रोजन भरून सील केलेला असतो. दुसरं, उजेड. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावर साधारण ४ टक्के उजेड जातो, १० पृष्ठं धरा, एक तृतीयांश उजेड तिथेच संपला. पावसाळी संध्याकाळी काय दिसणार?

नौपाडा_२२:
माझा युद्धानंतरचा आहे, कोटिंगवाला. एकच थर आहे, आजच्या मल्टिकोटिंगइतका नाही, मान्य. बुरशीचं पण खरंय, म्हणून सिलिका जेलच्या डब्यातच ठेवतो आणि दर महिन्याला जेल भाजून घेतो. वस्तू सांभाळावी लागते हा तिचा दोष नाही होत.

कळवा_पीपसाईट:
वाद कशासाठी चाललाय तेच कळेना. ५० मीटर थ्री पोझिशन मॅचला (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) स्कोप चालतच नाही. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं ते पीप साईटने, म्हणजे बारीक भोकातून नेम धरून. तो वेळ होल्ड (रायफल स्थिर धरणं) सुधारायला द्या.

वाशीची_मीनल:
दादा, मॅचला नाही चालत पण गोळ्यांचा कुठला लॉट आपल्या बॅरलला मानवतो ते बेंचवर रायफल टेकवूनच ठरवावं लागतं, तिथे स्कोप लागतोच. मी नवा वापरते, पाव नव्हे, एक अष्टमांश मिनिटाचे (मिनिट म्हणजे कोनाच्या अंशाचा साठावा भाग) क्लिक, म्हणजे दर खटक्याला ५० मीटरवर १.८ मिमी. दहाची रिंग १०.४ मिमीची, त्यामुळे मला तेवढं बारीक हवंच.

काका तुम्हाला एकच विचारते, माउंट ज्यांवर बसतो त्या तुमच्या रायफलवरच्या दोन बेसमधलं अंतर मोजलंय का कधी? त्या जुन्या माउंटचा पाव मिनिटाचा क्लिक बेस ७.२ इंचावर असतील तरच खरा. जवळ बसवले तर तोच स्क्रू जास्त कोन देतो. रायफलवर भोकं कोणी पाडली, किती अंतरावर पाडली, यावर सगळं आलं. माझ्या टरेटला असली अट नाही, कुठल्याही रायफलवर चढवा. आणि स्प्रिंगची भीती म्हणाल तर बॉक्स टेस्ट करा ना, ४० क्लिक वर, ४० उजवीकडे, ४० खाली, ४० डावीकडे, शेवटचा ग्रुप पहिल्यावर बसला नाही तर स्कोप परत द्यायचा. मी घेतल्या घेतल्या केली, दर सीझनआधी करते.

ऐरोली_शूटर:
मीनलताई बरोबर. जुन्याची अजून एक कटकट, फायर केल्यावर नळी माउंटमध्ये पुढे सरकते, ती दर वेळी हाताने मागे ओढायची.

नौपाडा_२२:
पॉइंट टू टू चा धक्का तो काय, आणि मागे ओढायची सवय हाताला लागते, माझं लक्ष उलट त्यानेच जागेवर येतं.

मीनल, तुझं वाचून लगेच व्हर्नियर काढला. ६.६ इंच निघालं. म्हणजे माझा क्लिक पाव नाही, ०.२७ मिनिटाचा. ४० क्लिकला ५० मीटरवर जवळपास १३ मिमीचा फरक, दहाच्या रिंगपेक्षा जास्त! इतकी वर्षं जेवढे वर तेवढेच खाली मोजत आलो म्हणून लक्षातच आलं नाही. स्कोप मी बदलणार नाही, पण वहीतले सगळे आकडे आज रात्री बदलतो. रविवारी तुझा नवा घेऊन ये, एकाच बेंचवर दोन्हींची बॉक्स टेस्ट करू, आणि त्या पोरालाही बोलावतो, टार्गेट त्यानेच मोजायचं.