शिवी आणि गावाचं नाव एकाच चाळणीत कसं?

दादा, गेमच्या चॅटमधे शिव्या गाळतात तसंच सरकारला नको ते शब्द गाळले तर काय बिघडलं, असं तुम्ही म्हणालात, मला ते अजिबात पटलं नाही. शिवी समोरच्याला लागते की, तैवान हे नाव कुणाला लागतंय? गेन्शिन इम्पॅक्ट हा चिनी कंपनीचा गेम २०२० मधे आला तेव्हा चॅटमधे तैवान, हाँगकाँग टाईप केलं की नुसते स्टार दिसायचे, आणि ते चीनमधल्याच नाही तर बाहेरच्या प्लेयरना पण, म्हणजे नियम तिकडचा आणि तोंड बंद सगळ्या जगाचं. आपण बेळगावकरांनी तरी हे समजून घ्यायला पाहिजे, २०१४ ला सरकारदरबारी बेळगावी झालं, वाद अजून आहे, पण माझा भाऊ टिळकवाडीत बसून गेममधल्या स्क्वाडला, म्हणजे त्याच्या टीमला, बेळगाव लिहितो आणि ते तसंच जातं, कोण पुसत नाही. उद्या पुसलं तर चालेल तुम्हाला? आणि माईनक्राफ्ट या गेममधे २०२० लाच रिपोर्टर्स विदाऊट बॉर्डर्स या पत्रकारांसाठी लढणाऱ्या संघटनेनी अख्खी लायब्ररी बांधली, वेगवेगळ्या देशांत दाबलेले लेख गेममधल्या पुस्तकांत वाचायला मिळतात. वेळ काढून बघाच एकदा.